एका बाकाची कागदपत्रं

कोपऱ्यावर एक बाक हवा, एवढंच मागणं असतं. थांब्यावर उतरून चढाचा रस्ता धरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मध्ये कुठे टेकायला जागा नाही, हे गल्लीतल्या प्रत्येकाला दिसतं. मग कोणीतरी सांगतं की रहिवाशांनी स्वतः हाती घेतलेल्या कामांना शहराकडून अनुदान मिळतं. अर्जाची पहिली पानं सोपी वाटतात: नाव, पत्ता, कामाचं वर्णन, रक्कम. पुढे प्रश्नांचा रोख बदलतो. जागा कोणाच्या मालकीची? जमिनीखालून काय जातं? कोणी ठेच लागून पडलं तर जबाबदार कोण? ५ वर्षांनी फळी मोडली तर ती कोण बदलणार, आणि कशाच्या पैशातून?

याला लालफीत म्हणून मोकळं होता येतं. थोडी लालफीत त्यात असतेच. एकच माहिती ३ वेगवेगळ्या रकान्यांत भरायला लावणारा अर्ज कोणाच्याच भल्याचा नसतो. पण मालकी, जमिनीखालच्या वाहिन्या, जबाबदारी आणि देखभाल हे चार प्रश्न म्हणजेच खरं काम, असं माझं मत आहे. बाक ही त्यातली सगळ्यात सोपी वस्तू. ज्या गटाकडे या चारांची उत्तरं तयार आहेत त्याला यंदा अनुदान नाही मिळालं तरी बाक कधी ना कधी बसतो. ज्याच्याकडे ती नाहीत आणि पैसे मात्र मिळाले, त्याच्या बाकाचा काही वर्षांत गंजलेला सांगाडा होतो आणि त्याच्याबद्दल कोणाकडे तक्रार करायची हेही कोणाला माहीत नसतं.

अशा अनुदानाचं सगळ्यात जास्त चर्चिलं गेलेलं उदाहरण अमेरिकेतल्या सिॲटल शहराचं. तिथे १९८८ मध्ये असा निधी सुरू झाला. त्याचं तत्त्व असं की शहर जेवढं देईल त्याच्या जोडीला रहिवाशांनीही आपला वाटा घालायचा, पण तो रोख असायलाच हवा असं नाही. श्रमदान, दान म्हणून आलेलं साहित्य, एखाद्या व्यावसायिकाने फुकट दिलेलं कौशल्य, या सगळ्याचं मोल हिशोबात धरायचं. हा निधी ज्या विभागाकडे होता त्याचे पहिले संचालक जिम डायर्स पुढे १४ वर्षं त्या पदावर राहिले. फ्रीमाँट भागात पुलाखाली १९९० साली उभा राहिलेला काँक्रीटचा राक्षस याच निधीच्या मदतीने झाला. साधारण साडेपाच मीटर उंच, आणि एका पंजाखाली खरीखुरी फोक्सवॅगन बीटल गाडी दाबून धरलेला. पुलाखालच्या अंधाऱ्या, कचऱ्याने भरलेल्या जागेवर शहराच्या कुठल्याही खात्याने हा उपाय सुचवला नसता. रहिवाशांच्या हाती काम देण्याचा हाच खरा फायदा. कल्पना विचित्र असू शकते, आणि तरी ती त्या जागेला चपखल बसते.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून आणि पुणे महापालिकेत २००६ च्या सुमारापासून नागरिकांचा सहभाग असलेलं अंदाजपत्रक ही पद्धत आहे. तिथे लोक काम सुचवतात, प्राधान्य ठरवतात, आणि काम शहराची यंत्रणा करते. रहिवासी अनुदानात काम रहिवाशांनीच करायचं असतं. ठेकेदार तुम्ही नेमायचा, पावत्या तुम्ही सांभाळायच्या, खड्डा चुकीच्या जागी खणला गेला तर उत्तरही तुम्हीच द्यायचं. शहरातल्या एखाद्या मोडक्या फूटपाथची दुरुस्ती हवी असेल तर हा रस्ता धरू नये. ते काम मुळात शहराचं आहे आणि त्यासाठी शेजाऱ्यांचे शनिवार खर्ची घालणं योग्य नाही. जे काम शहराच्या कुठल्याच खात्याच्या यादीत बसत नाही, त्याच्यासाठी हे पैसे.

लोकवाट्याचा हिशोब हा भाग बहुतेक गट शेवटी उरकतात, आणि पैसे अडकतात ते नेमके तिथेच. समजा ३ शनिवार, दर वेळी २० माणसं, प्रत्येकी ४ तास. म्हणजे २४० तास. शहराने ठरवलेल्या ताशी दराने त्याला गुणलं की लोकवाट्याचा मोठा भाग कागदावर तयार. पण कागदावर आला म्हणजे मान्य झाला असं नाही. प्रत्येक दिवसाचं हजेरीपत्रक लागतं: नाव, तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, केलेलं काम, सही. दिवस संपल्यावर एकाच हाताने, एकाच पेनाने भरलेलं हजेरीपत्रक तपासनिसाला लगेच ओळखू येतं. पत्रक येण्याच्या वाटेवर, टेबलावर, दोरीने बांधलेल्या पेनासकट ठेवायचं आणि तिथे एक माणूस बसवायचा. त्या माणसाला दुसरं काही काम द्यायचं नाही. मोहाने त्याला अवजारं वाटायलाही लावलं, की दुपारपर्यंत निम्मी माणसं सही न करता निघून गेलेली असतात.

कोणते तास धरायचे यावरही घोळ होतो. बैठकांचे, आराखडा काढण्याचे, पत्रकं वाटण्याचे तास सहसा चालतात; अनुदानाचा अर्ज लिहिण्यात गेलेले तास बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत. वास्तुरचनाकाराने नकाशा काढून दिला तर त्याचा व्यावसायिक दर लागू शकतो, त्यासाठी त्याच्याकडून नेहमीच्या दराचं पत्र घ्यावं. तोच वास्तुरचनाकार शनिवारी खड्डा खणत असेल तर त्याचा दर इतरांसारखाच. दान आलेल्या साहित्यासाठी दुकानदाराचं पत्र हवं, त्यात वस्तू, संख्या आणि बाजारभाव लिहिलेला हवा. आणि कोणत्याही परिस्थितीत लोकवाटा जेमतेम पुरेल एवढाच दाखवू नये. पावसाने एक शनिवार वाया गेला की ८० तास जातात. शहराने मागितलेल्या वाट्यापेक्षा पाव हिस्सा जास्त जमेल असं नियोजन करावं, पण अर्जात वचन मात्र मागितलं तेवढ्याचंच द्यावं. उत्साहाच्या भरात दुप्पट वाट्याचं वचन देणाऱ्या गटाला कराराप्रमाणे तो दुप्पट वाटाच दाखवावा लागतो, आणि तो कमी पडला की शेवटच्या हप्त्यातून कापला जाऊ शकतो.

आता जागा. रस्त्याकडेची मोकळी पट्टी बघणाऱ्याला कोणाचीच नाही असं वाटतं. प्रत्यक्षात ती रस्ते खात्याची असते, तिच्याखालून पाणी, सांडपाणी, गॅस, वीज आणि दूरसंचाराच्या वाहिन्या जातात, वरून तारा जातात, आणि कोपरा असेल तर वळणाऱ्या वाहनचालकाला समोरचं दिसावं म्हणून ठरावीक उंचीच्या वर काहीही उभं करायला बंदी असते. अर्ज करण्याआधी मालक खात्याचं ना हरकत पत्र मिळालं नाही तरी चालेल, पण तिथल्या अभियंत्याशी बोलणं झालेलं असावं आणि त्याने काय सांगितलं याची लेखी नोंद असावी. त्याला विचारायचे प्रश्न नेमके ठेवावेत. इथे काही बांधता येईल का, असं विचारलं तर उत्तर नाही असंच येतं, कारण त्याच्या दृष्टीने तेच सुरक्षित उत्तर आहे. फूटपाथच्या मागच्या कडेला, चालण्यासाठी १.८ मीटर मोकळे सोडून, १.५ मीटर लांबीचा, बोल्टने बसवलेला आणि काढता येणारा बाक ठेवायचा असेल तर कोणत्या अटी लागू होतील, असं विचारलं की तो नियम शोधायला लागतो.

बाकाचा पायाही लहान वाटतो म्हणून कोणी मोजत नाही. ३० सेंटीमीटर लांब, तेवढेच रुंद आणि ४५ सेंटीमीटर खोल असे ४ खड्डे धरले तर काँक्रीट होतं ०.१६ घनमीटर. २५ किलोच्या तयार मिश्रणाची १४-१५ पोती. एवढं वजन एका माणसाच्या गाडीतून एका खेपेत येत नाही, ते ठेवायला कोरडी जागा लागते, आणि कालवायला पाणी लागतं जे त्या कोपऱ्यावर नसतं. थंड प्रदेशात जमीन जिथवर गोठते त्याच्या खाली पाया न्यावा लागतो, नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात बाक तिरका होतो. काँक्रीट घातल्यावर निदान आठवडाभर ओलं राखायचं; २८ दिवसांनी त्याची ठरलेली ताकद मोजली जाते. म्हणजे उद्घाटन काँक्रीट घातल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नये. आसनाची उंची ४५ सेंटीमीटरच्या आसपास, पाठ आणि हात दोन्ही हवेतच. हात नसलेल्या बाकावरून उठायला गुडघे दुखणाऱ्या माणसाला आधार राहत नाही, आणि ज्याच्यासाठी बाक मागितला तोच त्यावर बसायचं टाळतो. बाकाशेजारी चाकाची खुर्ची उभी राहील इतकी, साधारण ९० सेंटीमीटर रुंद आणि सव्वा मीटर लांब सपाट जागा सोडली की बसलेला आणि खुर्चीतला, दोघं शेजारी राहून बोलू शकतात. या जागेचा वेगळा खर्च जवळपास काहीच नसतो. आराखड्यात नसेल तर मात्र ती नंतर निघत नाही.

बाकापेक्षा मोठी उडी म्हणजे सामायिक बाग. अर्जांमध्ये ती फार लोकप्रिय आणि अंदाजपत्रकात सगळ्यात जास्त चुकलेली. समजा १२ उंच वाफे ठरवले, प्रत्येक २.४ मीटर लांब, १.२ मीटर रुंद, ४५ सेंटीमीटर उंच. रुंदी १.२ मीटरच्या वर नेऊ नये, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. भिंतीला लागून वाफा असेल तर ६० सेंटीमीटरच पुरे. एका वाफ्यात माती मावते १.३ घनमीटर, बारांत साडेपंधरा. भरलेली माती पहिल्या पावसांत बसते, म्हणून १५ टक्के जास्त, म्हणजे १८ घनमीटर मागवायची. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या घरात जाते. २५ टनांहून जास्त माल घेऊन येणारे ट्रक त्या गल्लीत वळतील का, माती ओतायची कुठे, आणि ती फूटपाथवर ओतली तर परवाना लागतो का, हे बहुतेक अर्जांत कुठेच नसतं.

तिथून वाफ्यांपर्यंत ती न्यायची एकचाकी ढकलगाडीने. एका गाडीत ८० लिटर धरले तर १८ घनमीटरला २२५ खेपा. भरणं, नेणं, ओतणं, परतणं मिळून एका खेपेला ५ मिनिटं. ५ गाड्या एकाच वेळी चालल्या तरी पावणेचार तास लागतात, तेही कोणी दमलं नाही तर. प्रत्यक्षात दुसऱ्या तासानंतर वेग निम्म्यावर येतो. म्हणून माती एका दिवसाचं काम समजू नये. दोन दिवस ठेवावेत, किंवा मातीसाठी छोटं यंत्र भाड्याने घ्यावं आणि माणसांना वाफे जोडायला लावावं. फावडी ढकलगाड्यांच्या दुप्पट लागतात, हे लक्षात न आल्यामुळे गाड्या भरायची वाट बघत उभ्या राहतात.

जुन्या शहरी जमिनीवर थेट लागवड करायची असेल तर आधी मातीत शिसं किती हे तपासून घ्यायलाच हवं. जुन्या इमारतींचा खरवडलेला रंग आणि अनेक दशकं जळालेलं शिसंयुक्त पेट्रोल, या दोन्हींमधून ते मातीत येतं आणि आपोआप निघून जात नाही. एकाच ठिकाणचा नमुना पुरत नाही. भिंतीलगतच्या आणि रस्त्यालगतच्या मातीचे वेगळे नमुने घ्यावेत. आणि पाणी. बागेचा अर्ज वाचताना मी सगळ्यात आधी नळ शोधतो. शेजारचे पाणी देतील, असं लिहिलेलं असेल तर त्या शेजाऱ्याचं पत्र कुठे आहे? पाणी मोजायचा मीटर वेगळा आहे का? शेजारी घर बदलून गेला तर? नवीन जोडणीचा खर्च कित्येकदा वाफ्यांच्या एकूण खर्चाच्या वर जातो, आणि तो सुरुवातीलाच कळला तर गट जागा बदलतो. नंतर कळला तर वाफ्यांत गवत वाढतं.

झाडांच्या बाबतीत हेच आणखी थेट आहे. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट ते तिप्पट रुंद, पण त्याच्या उंचीपेक्षा खोल नको. खोल खड्ड्यात झाड खचतं आणि बुंधा मातीत गाडला जातो. बुंध्याचं जमिनीलगत रुंदावणारं टोक दिसलं पाहिजे. वर ७-८ सेंटीमीटर पालापाचोळ्याचं किंवा लाकडाच्या बारीक तुकड्यांचं आच्छादन, पण बुंध्यापासून चार बोटं लांब. एक घनमीटर आच्छादन एवढ्या जाडीने साधारण १३ चौरस मीटर पुरतं. आधाराच्या काठ्या वर्षभरात काढायच्या, नाहीतर बांधलेली पट्टी सालीत रुतते. हे सगळं नीट केलं आणि पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी नाही दिलं, तर झाड जातं. एका तरुण झाडाला कोरड्या दिवसांत आठवड्याला ४० ते ६० लिटर लागतात. ३० झाडं लावायची म्हणजे आठवड्याला दीड हजार लिटर पाणी कोण वाहणार याचं वेळापत्रक. ज्या अर्जात ३० झाडं आहेत आणि हे वेळापत्रक नाही, त्याला १० झाडांचे पैसे द्यावेत, असं मला वाटतं.

भित्तिचित्रं आणि रस्त्यावरची चित्रं यांच्यात अडचण वेगळी. नवीन गिलाव्यावर निदान महिनाभर रंग लावू नये. त्यातल्या क्षारामुळे रंग सुटून येतो. जुनी भिंत ओल धरत असेल तर आधी पन्हळ आणि गळती दुरुस्त करायची, मग चित्र. नाहीतर वर्षभरात पांढरे फुगवटे येतात आणि लोक चित्रकाराला बोल लावतात. रस्त्याच्या चौकात चित्र काढायची पद्धत अमेरिकेतल्याच पोर्टलंड शहरात १९९६ मध्ये एका चौकातल्या रहिवाशांनी सुरू केली आणि नंतर ती बऱ्याच शहरांत पसरली. गाड्यांच्या चाकांखाली तो रंग झिजतो, त्यामुळे पुन्हा रंगवणं हा त्या कामाचाच भाग आहे. ओल्या रस्त्यावर दुचाकी घसरू नये म्हणून रंगात खरखरीत भुकटी मिसळावी लागते. ती विसरली तर पहिल्या पावसानंतर चित्र पुसायचा आदेश येतो, आणि तो योग्यच असतो.

अंदाजपत्रकातून काय काय निसटतं याची यादी लांब होईल. परवान्याचं शुल्क, अपघात विमा, मलबा उचलण्याचा खर्च, श्रमदानाच्या दिवशी प्यायचं पाणी, हातमोजे आणि प्रथमोपचार, दुसऱ्या भाषेत छापायची पत्रकं, साहित्यावरचा कर आणि वाहतूक. दरपत्रकं तीन घ्यावीत, आणि ती एकाच मापावर असावीत. एकाने वाहतूक धरली आणि दुसऱ्याने नाही, तर तुलना फसवी होते. वर १० ते १५ टक्के अनपेक्षित खर्चासाठी. काही शहरं ही ओळ मान्य करत नाहीत. मग प्रत्येक बाबीचा अंदाज दरपत्रकाच्या वरच्या टोकाला धरावा आणि तसं कारण लिहावं. दरपत्रकाला तारीख असते. अर्जापासून करार होईपर्यंत कित्येक महिने जातात, तोवर लोखंडाचा आणि लाकडाचा भाव तसाच थांबून राहत नाही.

वेळेचा आणखी एक सापळा आहे. करारावर सह्या होण्याआधी केलेला खर्च सहसा धरला जात नाही. लागवडीचा हंगाम गाठायचा म्हणून उत्साहाने आधीच आणलेल्या रोपांचे पैसे मग गटाच्याच खिशातून जातात. हंगामापासून उलटं मोजावं: लागवडीच्या आधी माती, तिच्या आधी वाफे, त्याच्या आधी परवाना, त्याच्या आधी करार. असं मोजलं की बऱ्याचदा कळतं, यंदाचा हंगाम गेलेला आहे. ते मान्य करून पुढच्या हंगामाचा अर्ज करणं हे घाईने उन्हाळ्यात झाडं लावण्यापेक्षा बरं.

आणि पैसे हातात येतात कसे? बहुतेक ठिकाणी आधी खर्च करा, पावत्या द्या, मग भरपाई घ्या, अशी रीत असते. ज्या गटाच्या खात्यात काहीच नाही त्याला ही रीत दारातच अडवते. यावर तीन वाटा आहेत. काही शहरं थोडा हप्ता आधी देतात. मागितल्याशिवाय ते सांगत नाहीत, म्हणून मागावा. काही ठिकाणी पुरवठादाराला शहर थेट पैसे देतं. तिसरी वाट म्हणजे नोंदणीकृत संस्थेचा आधार. गटाची स्वतःची नोंदणी नसली तरी अशी संस्था पैसे स्वीकारते, हिशोब ठेवते आणि त्या बदल्यात अनुदानाच्या काही टक्के रक्कम घेते. ही रक्कम अंदाजपत्रकात आधीच लिहावी, आणि संस्थेशी लेखी करार करावा की पावती दिल्यापासून किती दिवसांत ती पैसे सोडेल. तोंडी भरवशावर चांगल्या संस्थांशीही संबंध बिघडतात.

शेजाऱ्यांची संमती हा विषय अर्जात सह्यांच्या संख्येने मोजला जातो, आणि ती मोजपट्टी कच्ची आहे. एकाच मजकुराची २० पत्रं वाचून परीक्षकाला काहीच कळत नाही. ज्याच्या खिडकीसमोर बाक येणार आहे त्या एका घराचं पत्र त्यांच्यापेक्षा जड. तो माणूस विरोधात असेल तर त्याचं म्हणणं काय आणि त्यावर गटाने काय बदल केला, हे लिहावं. रात्री तिथे लोक बसून आरडाओरड करतील ही त्याची भीती असते. बाक खिडकीपासून ६ मीटर बाजूला सरकवला आणि दिव्याखाली घेतला तर कित्येकदा ती भीती संपते. विरोध लपवणाऱ्या अर्जापेक्षा विरोध नोंदवून त्याचं उत्तर देणारा अर्ज अधिक विश्वासाचा. भाड्याने राहणारे, दुकानं चालवणारे, शाळेत जाणारी मुलं यांना विचारलं गेलं का, हेही बघावं. घरमालकांच्या बैठकीत ते नसतात.

या अनुदानांचा एक मोठा दोष असा, की ती ज्यांना कमी गरज आहे त्यांच्याकडे वाहत जातात. ज्या वस्तीत निवृत्त अभियंते, वकील आणि हिशोबनीस आहेत तिथला अर्ज चोख असतो. जिथे माणसं दोन पाळ्यांत काम करतात तिथे शनिवारचे ४ तास देणं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी सोडणं. दोन्हीकडून सारख्याच तासांची अपेक्षा ठेवली तर नियम सर्वांना सारखा दिसतो आणि निकाल तसा लागत नाही. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांसाठी लोकवाटा कमी ठेवणं, वर्षभर केव्हाही करता येणारे लहान अर्ज, तोंडी किंवा ध्वनिमुद्रित अर्जाची सोय, आणि अर्ज भरायला मदत करणारा शहराचा पगारी माणूस, हे उपाय माहीत आहेत. शेवटचा सर्वांत महाग आणि सर्वांत उपयोगी. काटकसर करताना शहरं आधी त्यालाच काढतात, आणि मग वर्षानुवर्षं त्याच त्या गल्ल्यांमध्ये नवी फुलं येत राहतात.

श्रमदानाच्या दिवसाबद्दल थोडक्यात. ५ ते ७ माणसांमागे एक म्होरक्या, ज्याच्या हातात स्वतः अवजार नसेल. काम आधीच तुकड्यांत वाटलेलं. एकट्याने आलेल्या माणसाला, लहान मुलं घेऊन आलेल्या आईला आणि ज्याला वाकता येत नाही त्याला द्यायची कामं वेगळी लिहून ठेवलेली. नाहीतर हे तिघंही कडेला उभे राहून निघून जातात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती. विजेवर चालणारं कापायचं यंत्र फक्त ठरवलेल्या माणसांच्या हाती. ३ तासांनंतर जड काम थांबवावं. अपघात थकलेल्या हातांनी होतात.

काम पूर्ण झाल्यावर अहवाल येतो. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच जागेवर उभं राहून, एकाच दिशेने काढलेला हवा. आधीचा काढायचा विसरला तर तो परत मिळत नाही. पावतीवर वस्तू, तारीख, रक्कम वाचता आली पाहिजे. छपाईची शाई उडणाऱ्या पावत्यांची त्याच दिवशी प्रत काढावी. शेवटचा हप्ता अहवाल मान्य झाल्यावरच सुटतो, आणि तोवर गटातली अर्धी माणसं पांगलेली असतात, म्हणून अहवालाचं काम करणारा माणूस पहिल्या बैठकीतच ठरवावा.

देखभालीच्या पानावर बहुतेक गट लिहितात की स्वयंसेवक देखभाल करतील. या वाक्याला काही किंमत नाही. निदान ३ माणसांची नावं, कुलपाच्या चाव्या कोणाकडे, पाण्याचं बिल कोणाच्या नावावर, वर्षातून कोणत्या दोन महिन्यांत बोल्ट घट्ट करायचे आणि लाकडाला तेल द्यायचं, रंगाचा नेमका क्रमांक, आणि बाकाच्या २ जादा फळ्या कुठे ठेवल्या आहेत, असं लिहिलं की पान खरं वाटतं. जादा फळ्या पहिल्याच खरेदीत घ्याव्यात. ५ वर्षांनी त्याच मापाची, त्याच लाकडाची फळी मिळेलच असं नाही, आणि देखभालीसाठी सहसा वेगळं अनुदान नसतं.

त्याच पानावर आणखी एक ओळ असावी, जी अर्जात कोणी विचारत नाही: वस्तू काढायची वेळ आली तर काय. चित्राच्या बाबतीत भिंतीच्या मालकाशी ५ वर्षांचा करार आणि मुदतीनंतर भिंत पूर्ववत करायची कोणी, चित्रकाराला आधी कळवायचं किती दिवस, हे. बाकाच्या बाबतीत बोल्ट सोडवणं, पायाचे चार ठोकळे उखडणं आणि फरशी परत बसवणं यांचा अंदाजे खर्च, आणि तो कोणाच्या खात्यात बाजूला ठेवला आहे हे. ही ओळ पाहिल्यावर रस्ते खात्यातला अभियंता ना हरकत पत्रावर सही करायला बराच कमी वेळ लावतो. गट उद्या मोडला की बाक आपल्या गळ्यात पडणार, ही त्याची जुनी धास्ती असते, आणि ती अर्जातल्या कुठल्याही सुंदर वर्णनाने जात नाही.